झुरळांचे मुद्दल आणि व्याज



झुरळांचा नायनाट कसा करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतील. पण झुरळे नियमित आणि हवी तेवढीच कशी वाढवावीत, हे सांगणारा कोणी तुम्हांला भेटला आहे का? ओट्याखाली झुरळ दिसताच चप्पल शोधणाऱ्या आपल्याला हा प्रश्नच वेडगळ वाटेल. परंतु जगातील अनेक प्राणिसंग्रहालयांत, तसेच अमेरिका-युरोपात सरडे, बेडूक, कोळी पाळणाऱ्यांच्या घरी हा रोजचा आणि मोठ्या जिकिरीचा प्रश्न आहे. बेडकाला हालचाल करणारे जिवंत भक्ष्य लागते. ते आज भरपूर आणि पुढच्या महिन्यात मुळीच नाही, असे होऊन चालत नाही.

यासाठी पूर्वी मुख्यतः घरगुती रातकिडे वाढवीत. पण या रातकिड्यांना एक विषाणुजन्य रोग होतो. युरोपात तो १९७७ पासून माहीत होता. २००९ च्या सुमारास तो अमेरिकेतील आणि कॅनडातील रातकिड्यांच्या शेतांत पसरला आणि पेट्याच्या पेट्या ओस पडल्या. त्यानंतर पुष्कळ पाळणारे या रोगाला बळी न पडणाऱ्या एका झुरळाकडे वळले. त्या झुरळाची वसाहत कशी सांभाळतात, ते आज आपण पाहू. गंमत अशी की, हा पाठ प्राणिशास्त्राचा जितका आहे तितकाच अंकगणिताचाही आहे.

हे झुरळ कोणते?

त्याचे शास्त्रीय नाव ब्लॅप्टिका दुबिया. मूळ वसतिस्थान दक्षिण अमेरिका. पूर्ण वाढलेले झुरळ सुमारे चार ते साडेचार सेंटिमीटर लांब, रंगाने गडद तपकिरी, अंगावर नारिंगी ठिपके. प्रौढ नराचे पंख पूर्ण असतात आणि पाठ झाकून टाकतात. मादीचे पंख मात्र तोकडे, नावापुरतेच. त्यामुळे प्रौढांमधील नर-मादी ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. गुळगुळीत काचेवर किंवा प्लॅस्टिकवर याला चढता येत नाही, आणि उडण्यातही ते कच्चेच असते. खोल, गुळगुळीत पेटीत ते आपोआप अडकून राहते. पाळणाऱ्यांच्या दृष्टीने हा त्याचा फार मोठा गुण.

आपल्या मोरीत दिसणारे मोठे झुरळ अंड्यांची पेटी बाहेर टाकते आणि ती एखाद्या फटीत चिकटवून निघून जाते. दुबियाची मादी तसे करीत नाही. तिची अंडपेटिका तयार झाली की ती थोडी बाहेर येते, पण पुन्हा पोटातील एका पिशवीत ओढून घेतली जाते. अंडी तेथेच उबतात आणि मादी जिवंत पिलांना जन्म देते. एका वेतात साधारण २० ते ३५ पिले होतात. पिलू वाढताना सुमारे सात वेळा कात टाकते. पुरेशी ऊब आणि खुराक मिळाल्यास चार ते सहा महिन्यांत ते प्रौढ होते आणि पुढे वर्ष-दोन वर्षे जगते.

या माहितीतील एक आकडा विशेष लक्षात ठेवा. पिलू जन्मल्यापासून प्रौढ होईपर्यंत जवळजवळ पाच महिने जातात. या लेखातील सारी गोम त्या पाच महिन्यांत आहे.

पाच महिन्यांची शांतता

हिशेब सोपा व्हावा म्हणून काही आकडे आपण गृहीत धरू. खऱ्या पेटीत ते थोडे कमी-अधिक होतील. एक मादी महिन्याला सरासरी १० पिले देते. त्यांतील ८ जगतात. त्या ८ पैकी निम्म्या, म्हणजे ४, माद्या असतात. पाच महिन्यांनी त्या पिले देऊ लागतात. आता पेटीत १० माद्या व काही नर सोडले आणि एकही झुरळ बाहेर काढले नाही, तर वर्षभरात काय होईल? या पहिल्या वर्षात प्रौढ मरत नाहीत असेही धरू.

महिना १ ते ५ : माद्या १०, दरमहा जन्म १००
महिना ६ : माद्या ५०, जन्म ५००
महिना ७ : माद्या ९०, जन्म ९००
महिना ८ : माद्या १३०, जन्म १,३००
महिना ९ : माद्या १७०, जन्म १,७००
महिना १० : माद्या २१०, जन्म २,१००
महिना ११ : माद्या ४१०, जन्म ४,१००
महिना १२ : माद्या ७७०, जन्म ७,७००

वर्षभरातील एकूण जन्म १८,८००! पण या तक्त्याचा वरचा भाग पुन्हा पाहा. पहिले पाच महिने माद्या दहाच्या दहाच राहिल्या. या काळात नवशिक्या पाळणाऱ्याला वाटते की आपली झुरळे वाढतच नाहीत. तो आणखी माद्या विकत आणतो आणि पेटी आणखी तापवतो. सहाव्या महिन्यापासून पेटी अशी भरू लागते की ती आवरता आवरत नाही.

उलट चूकही याच कारणाने होते. समजा, एका पेटीत निरनिराळ्या वयांच्या ६० माद्या आहेत आणि म्हाताऱ्या होऊन त्यांतील ४ दरमहा मरतात. जानेवारी ते मे या पाच महिन्यांत खाद्याची निकड होती म्हणून जन्मलेली सगळी पिले सरड्यांना घातली. मेअखेर पेटी कशी दिसेल? पूर्वीसारखीच! कारण आधीच्या ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेली पिले याच काळात प्रौढ होऊन मेलेल्यांची जागा घेत होती. खड्डा दिसू लागतो तो जूनपासून. जून ते ऑक्टोबर या काळात नवी मादी एकही येत नाही, जुन्या मात्र महिन्याला ४ या दराने जातच राहतात. ऑक्टोबरअखेर उरतात ४०. चूक जानेवारीत झाली आणि तिची शिक्षा दिवाळीत मिळाली. मधल्या काळात पेटीकडे रोज पाहूनही काही कळले नसते, कारण पाहणाऱ्याची नजर मोठ्या झुरळांवर होती. अशा वेळी मोजायची असतात ती पिले.

निकोल्सन यांच्या माशा

असा उशीर ज्या वसाहतीत असतो ती हेलकावे खाते, हे ऑस्ट्रेलियातील कीटकशास्त्रज्ञ ए. जे. निकोल्सन यांनी फार सुंदर रीतीने दाखवून दिले. मेंढ्यांना उपद्रव देणाऱ्या एका माशीची वसाहत त्यांनी पिंजऱ्यात ठेवली. प्रौढ माशांना हवे तेवढे खाणे दिले, पण अळ्यांसाठी रोज ठरावीकच मांस ठेवले. १९५४ मध्ये त्यांचे हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

माशांची संख्या स्थिर राहिली नाही. ती काही हजारांवर चढे, मग अगदी थोडक्यांवर येई आणि महिना-सव्वा महिन्याने पुन्हा चढे. कारण सरळ होते. माशा फार झाल्या की अंडी बेसुमार पडत. इतक्या अळ्या त्या थोड्या मांसावर तुटून पडत, की कोणाचेच पोट भरत नसे आणि जवळजवळ सगळ्याच मरत. इकडे प्रौढ माशाही वय होऊन मरत, आणि त्यांच्या जागी येणारे कोणीच नसे. माशा अगदी कमी झाल्या की अंडी कमी पडत, अळ्यांना पोटभर मिळे आणि पुन्हा माशांचे पीक येई. आजच्या गर्दीचा परिणाम आज दिसत नाही, पुढच्या पिढीत दिसतो. तोवर गाडी फार पुढे गेलेली असते.

झुरळांच्या पेटीला असे हेलकावे बसू द्यायचे नसतील, तर वाटेत कोठेतरी माणसाने शहाणपणाने हात घालायला हवा. तो कसा घालायचा?

शेकडा की ठरावीक?

शेतकरी धान्याचे पीक आले की आधी बियाणे बाजूला काढतो आणि उरलेले खायला ठेवतो. झुरळांच्या वसाहतीलाही हाच नियम लागू पडतो. प्रौढ माद्या हे मुद्दल आणि त्यांची पिले हे व्याज. व्याजातील थोडा भाग मुद्दलात परत घालायचा, म्हणजे झिजलेले मुद्दल भरून निघते. मात्र हा थोडा भाग ठरवण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पहिली रीत शेकडेवारीची. दरमहा जन्मलेल्या पिलांपैकी अमुक टक्के राखायची. ही रीत न्यायाची वाटते, पण धोक्याची आहे. माद्या वाढल्या की पिले वाढतात, पिले वाढली की राखलेली पिलेही वाढतात, त्यांतून आणखी माद्या होतात. हे चक्रवाढ व्याज झाले. टक्केवारी किंचित जास्त पडली तर वसाहत फुगत जाते. किंचित कमी पडली तर आटत जाते. सुरीच्या धारेवर गोटी उभी करण्यासारखाच हा प्रकार.

दुसरी रीत ठरावीक संख्येची. माद्या कितीही असोत, दरमहा मोजून तेवढीच पिले राखायची. समजा आपण दरमहा १० पिले वेगळ्या डब्यात राखली. त्यांतील ८ जगतील, म्हणजे पाच महिन्यांनी दरमहा ४ नव्या माद्या मिळतील. मादी सरासरी १५ महिने पिले देते असे धरा. मग वसाहत शेवटी कोणत्या संख्येवर स्थिरावेल? सूत्र अगदी सोपे आहे :

दरमहा येणाऱ्या नव्या माद्या × प्रजननाचे महिने = स्थिर संख्या

४ × १५ = ६० माद्या.

या रीतीचा खरा गुण वसाहतीवर संकट आले की दिसतो. समजा, काही कारणाने निम्म्या माद्या मेल्या आणि ३० उरल्या. आता म्हातारपणाने महिन्याला सुमारे २ मरतील, पण राखीव डब्यातून ४ येतच राहतील. संख्या हळूहळू ६० कडे चढेल. उलट माद्या चुकून ९० झाल्या, तर महिन्याला ६ मरतील आणि येतील ४. संख्या ६० कडे उतरेल. वाटीच्या तळाशी ठेवलेली गोटी कोणीकडेही ढकलली तरी परत तळाशीच येते, तसे हे आहे.

आता हे प्रत्यक्षात वापरू. एका प्राणिसंग्रहालयातील सरड्यांना महिन्याला ४०० मध्यम आकाराची पिले लागतात. ६० माद्यांची ६०० पिले होतील, त्यांतील ४८० जगतील. राखीव १० वजा जाता ४७० उरतात. म्हणजे ४०० ची गरज भागून थोडी शिल्लकही राहते. पाहा, ६०० मधून अवघी १० राखायची! ही संख्या इतकी लहान आहे की ‘या महिन्यात नाही राखली तर काय बिघडते?’ असे सहज वाटते. वर पाहिलेली ६० माद्यांची ४० माद्यांवर घसरलेली पेटी आठवा. ४० माद्यांची ४०० पिले, त्यांतील जगणारी ३२०. सरड्यांना मात्र ४०० च हवीत. म्हणून नियम असा : आधी राखीव, मग खाद्य. निकड असेल त्या महिन्यात तर तो अधिकच कडकपणे पाळायचा.

उष्णतेचा नळ

झुरळ स्वतःचे शरीर आपल्यासारखे उबदार ठेवू शकत नाही. भोवतालच्या उबेवरच त्याचे खाणे, वाढणे, प्रजनन सारे अवलंबून असते. थंडीत आपल्या घरांतील झुरळांची वर्दळ कमी होते, ती यामुळेच. दुबियाची पैदास २८ ते ३२ अंश सेल्सियस तापमानात जोमाने होते. २० च्या खाली ती जवळजवळ थांबते. ३५ च्या पुढे गेल्यास झुरळांना त्रास होऊ लागतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५ मध्ये एक उपयुक्त कल्पना मांडली होती. सजीवाची वाढ पूर्ण व्हायला एकूण ठरावीक उष्णता लागते. ही उष्णता आज अंश-दिवसांत मोजतात. एखाद्या किड्याची वाढ १८ अंशांखाली थांबते असे समजा. ३० अंशांवर त्याला रोज १२ अंश-दिवस मिळतील. १५० दिवसांत होतील १,८००. तोच किडा २४ अंशांवर ठेवला तर रोज ६ च मिळतील, आणि १,८०० पुरे व्हायला ३०० दिवस लागतील. (येथील १८ हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे.)

म्हणून पैदास मंद करायची असेल तर झुरळे मारण्याआधी पेटीची ऊब कमी करून पाहतात. हा नळ पुन्हा उघडताही येतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. थंडाव्याने जन्म कमी होतात तशी पिलांची वाढही मंदावते. पाच महिन्यांचा उशीर सात-आठ महिन्यांचाही होऊ शकतो. याउलट काही प्रौढ माद्या कमी केल्या तर जन्म लगेच कमी होतात आणि उरलेल्यांची गती बदलत नाही. थोड्या दिवसांची अडचण असेल तर ऊब कमी करावी. गरजच कायमची घटली असेल तर माद्या कमी कराव्यात आणि राखीव संख्याही उतरवावी.

गर्दी, खुराक आणि पाणी

पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचतात. त्यामुळे थोड्या जागेत लपायला पुष्कळ फटी मिळतात आणि विष्ठा खाली गळून पडते. ही झुरळे घोळक्याने राहणारी आहेत, तेव्हा थोडी दाटी त्यांना चालते. फार दाटी झाली की मात्र एकमेकांचे पंख कुरतडले जातात. नुकतीच कात टाकलेले झुरळ पांढरे आणि मऊ असते. दाटीत आणि उपासमारीत बिचारे तेच प्रथम बळी पडते. गर्दी अशा रीतीने स्वतःच संख्येला लगाम घालते, पण तो लगाम क्रूर आणि बेभरवशाचा असतो.

याविषयी एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील रॉयल चॅपमन यांनी पिठात होणारे भुंगेरे लहान-मोठ्या मापाच्या पिठात वाढवले. १९२८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, भांडे लहान असो की मोठे, दर ग्रॅम पिठामागे भुंगेऱ्यांची संख्या शेवटी जवळजवळ सारखीच होते. गर्दी वाढली की पिठात फिरणारे भुंगेरे स्वतःचीच अंडी खातात, आणि वाढ थबकते.

खुराकात धान्याचा भरडा, गाजर, फळांच्या फोडी असतात. पाण्याची उघडी वाटी ठेवली तर लहान पिले तीत बुडून मरतात, म्हणून पाणी बहुधा रसाळ भाज्या-फळांतूनच देतात. उरलेल्या फोडी वेळेवर काढल्या नाहीत तर बुरशी धरते. प्रथिने वाढवली की पैदास सुधारेल असे वाटून काहीजण ती वारेमाप घालतात. झुरळ जादा नायट्रोजन बाहेर टाकण्याऐवजी युरिक आम्लाच्या रूपाने शरीरातील मेदात साठवते. तेथेच राहणारे ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू हा साठा लागेल तसा पुन्हा उपयोगात आणतात. उपासमारीच्या काळात ही सोय उत्तमच. पण प्रथिनांचा मारा चालू राहिला तर युरिक आम्लाचा साठा फार वाढतो आणि तो शेवटी झुरळ खाणाऱ्या सरड्याच्या पोटात जातो. खाद्य-कीटकाला जे चारतो तेच आपण आपल्या प्राण्याला चारत असतो.

नर किती, वय कोणते?

राखीव पिलांतून माद्यांइतकेच नर होतात, पण तेवढे लागत नाहीत. तीन ते पाच माद्यांमागे एक नर पुरतो. जादा नर जागा आणि खाणे अडवतात आणि आपसात भांडतात. म्हणून मोठ्या सरड्यांना प्रौढ झुरळ द्यायचे असेल तर प्रथम नर निवडतात. नर कमी केल्याने जन्मदर घटत नाही. माद्या उचलल्या तर मुद्दलच खर्च होते.

वयाकडेही लक्ष हवे. नवी वसाहत सुरू करताना सर्व माद्या एकाच वयाच्या आणल्या, तर त्या एकाच सुमारास म्हाताऱ्या होतात. वर्षभर सुरळीत चाललेली पेटी दोन महिन्यांत बसते आणि पाळणारा रोगाचा शोध घेत राहतो. घरात सगळीच माणसे सत्तरीची असावीत, तशी ही अवस्था. दरमहा थोडी थोडी पिले राखण्याचा हा आणखी एक लाभ. वसाहतीत सर्व वयांची झुरळे राहतात.

पेटीबाहेरचे झुरळ

वसाहत आवरता न येण्यात आणखी एक धोका आहे. तुर्कस्तानी झुरळ या नावाने ओळखली जाणारी मध्य आशियातील एक जात १९७८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका लष्करी आगारात प्रथम आढळली. पुढे हीच जात खाद्य-कीटक म्हणूनही सर्रास विकली जाऊ लागली. नैर्ऋत्य अमेरिकेतील अनेक भागांत आता तिने तेथील जुन्या पौर्वात्य झुरळाला घराबाहेरच्या जागांतून हुसकावून लावले आहे. जादा झालेले किडे अंगणात सोडून देणे हा उपाय होऊ शकत नाही. ते गोठवून मारावेत हेच बरे.

आपल्या देशात परदेशी जिवंत कीटक परवान्यावाचून आणता येत नाहीत, आणि हे योग्यच आहे. दुबियाला आपल्या कोकणासारखी उबदार, दमट हवा मानवणार नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगावे? घरातील झुरळे पकडून पाळण्याचाही उद्योग करू नका. त्यांच्या अंगावर रोगजंतू असतात आणि पोटात कीटकनाशकही असू शकते. शिवाय झुरळांच्या विष्ठेच्या आणि कातेच्या धुळीने काहींना दमा होतो. परदेशांत ही पेटी साफ करणारे नाकावर पट्टी बांधतात, ते त्यामुळेच.

पण वसाहत सांभाळण्याचे गणित शिकायला झुरळे कशाला हवीत? चिंचोके आहेत ना!

करून पहा

एक ताटली, पाच वाट्या, शंभरेक चिंचोके आणि ओंजळभर ज्वारी घ्या. वाट्यांना १ ते ५ क्रमांक द्या. ताटलीतील चिंचोका म्हणजे प्रौढ मादी आणि ज्वारीचा दाणा म्हणजे पुढे मादी होणारे पिलू. सुरुवातीला ताटलीत एक चिंचोका ठेवा. प्रत्येक ‘महिन्याला’ क्रमाने पुढील गोष्टी करा :

(१) पाचव्या वाटीतील दाणे काढून तितके चिंचोके ताटलीत घाला.
(२) उरलेल्या वाट्यांतील दाणे एकेक वाटी पुढे सरकवा.
(३) ताटलीतील दर चिंचोक्यामागे ४ दाणे पहिल्या वाटीत टाका.
(४) चिंचोक्यांची संख्या वहीत लिहा.

बारा महिने खेळल्यावर ताटलीत ७७ चिंचोके झाले पाहिजेत. मग डाव पुन्हा मांडा. या वेळी पायरी (३) नंतर दरमहा पहिल्या वाटीत एकच दाणा ठेवा आणि बाकीचे ‘सरड्याला’ घाला. दोन्ही डावांचे आलेख एकाच कागदावर काढा. एक रेष वर उसळेल. दुसरी पाच महिने आडवी राहून मग सरळ चढेल. शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला राखीव दाण्यांचा वेगळा नियम द्यावा. चक्रवाढ आणि सरळव्याज यांतील फरक मुलांना हातांनी मोजता येईल.

विचार करा

१. वरील उदाहरणात १० ऐवजी २० पिले राखली, तर माद्या शेवटी किती होतील? पहिला परिणाम दिसायला किती महिने लागतील आणि पूर्ण परिणाम दिसायला किती?

२. पेटी उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिली आणि दर १० पिलांतील ८ ऐवजी ६ च जगू लागली. १० पिले राखण्याचा नियम तोच ठेवला, तर माद्या कोणत्या संख्येवर येतील? त्या वेळी महिन्याला ४०० पिले पुरवता येतील का?

३. समुद्रातील मासा जाळ्यात सापडतो तेव्हा तो मुद्दलातला की व्याजातला, हे कोळ्याला कसे कळावे? पावसाळ्यातील मासेमारीबंदी आणि बारीक आसाच्या जाळ्यांवरील निर्बंध यांचा या लेखातील राखीव डब्याशी काय संबंध आहे?

(उत्तरे : १. १२० माद्या, पहिला परिणाम पाच महिन्यांनी, पूर्ण परिणाम त्यापुढे पंधरा म्हणजे एकूण वीस महिन्यांनी. २. ४५ माद्या; त्यांची ४५० पिले, त्यांतील जगणारी २७०, म्हणून पुरवता येणार नाहीत. ३. याचे उत्तर वर्गात चर्चा करून शोधा.)